चाळणी मुलांच्या हातात द्या, २-३-५-७ आधी सांगू नका



मूळ संख्यांचा घटक शिकवायला घेतला की फळ्यावर १ ते १०० चा तक्ता येतो आणि त्याखाली एक सूचना हमखास येते. "१ सोडा. २, ३, ५ आणि ७ तशाच ठेवा, त्यांच्या पटीतल्या बाकी सगळ्या संख्यांवर फुली मारा. उरल्या त्या मूळ संख्या." मुलं पटापट फुल्या मारतात, २५ संख्या उरतात, त्यांना गोल करतात, वहीत तारीख टाकतात आणि घटक संपतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कृतिपत्रिकांवरही हीच सूचना असते, फक्त रंग जास्त असतात.

या सूचनेत चुकीचं काही नाही. उत्तर बरोबर येतं. तरी मला ती पटत नाही आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. आपण मुलांना मूळ संख्या शोधायला सांगतो, आणि शोध सुरू व्हायच्या आधीच पहिल्या चार मूळ संख्या त्यांच्या हातात ठेवतो. मग मूल शोधतं काय? २ नंतर ३ घेतला, पण ३ नंतर ४ का घेतला नाही? ५ च का? ७ नंतर थांबायचं हे कोणी ठरवलं? या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच ती चाळणी. ती आपण आधीच देऊन टाकली, तर मुलाच्या वाट्याला फक्त फुल्या मारण्याचं काम उरतं.

म्हणून आज माझं म्हणणं एका वाक्यात मांडते. चाळणी जरूर घ्या, पण २, ३, ५, ७ हे आकडे फळ्यावर लिहू नका. ते चाळणीतूनच बाहेर येऊ द्या.

चाळणीचा मालक

ही रीत इरॅटोस्थेनिस या ग्रीक गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा जन्म इ.स.पू. २७६ च्या सुमारास सायरीन या ग्रीक वसाहतीत झाला. हे ठिकाण आज लिबिया देशात आहे. तो अथेन्सला शिकला. पुढे इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमी राजाने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावून घेतलं आणि तिथल्या जगप्रसिद्ध ग्रंथालयाचा तो प्रमुख झाला. गणित, भूगोल, खगोल, कालगणना, काव्य असं सगळ्यातच त्याला गम्य होतं. आर्किमिडीजसारख्या माणसाने आपला एक महत्त्वाचा ग्रंथ त्याला उद्देशून लिहिला, यावरून त्याची योग्यता कळते.

त्याला लोक 'बीटा' म्हणून चिडवायचे असं सांगतात. बीटा हे ग्रीक मुळाक्षरांतलं दुसरं अक्षर. म्हणजे सगळ्या विषयांत हुशार, पण प्रत्येकात दुसरा नंबर! ही गोष्ट वर्गात सांगितली की दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्या मुलांचे चेहरे खुलतात, हा माझा अनुभव आहे.

याच माणसाने पृथ्वीचा परीघ मोजला. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सायीन या गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पडत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची. तिथला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया धरलं होतं. म्हणून पूर्ण परीघ त्याच्या ५० पट, २,५०,००० स्टेडिया. स्टेडिया हे त्या काळचं अंतर मोजायचं माप. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावली दिवस येतो तेव्हा अनेक शाळा आणि विज्ञानमंडळं काठी उभी करून सावली बघतात. तेव्हा या माणसाची आठवण जरूर काढावी.

हे सगळं इथे सांगायचं कारण असं की त्याच्या कामाची एक पद्धत दिसते. साधन अगदी किरकोळ आणि विचार मात्र भक्कम. पृथ्वी मोजायला सावली पुरली. मूळ संख्या शोधायला नुसतं मोजणं पुरलं.

चाळणीबद्दल त्याने स्वतः लिहिलेलं आज आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. ती कळते ती इ.स. १०० च्या सुमारास होऊन गेलेल्या निकोमाकस या लेखकाच्या अंकगणितावरच्या पुस्तकातून. त्याने रीत सांगितली आणि ती इरॅटोस्थेनिसची आहे असंही नोंदवलं. त्याची चाळणी ३ पासून सुरू होते आणि तिच्यात फक्त विषम संख्या असतात. तो मूळ संख्यांना विषम संख्यांचाच एक प्रकार मानत असल्यामुळे २ ला त्यात जागाच नव्हती. आपण आज २ ला एकमेव सम मूळ संख्या म्हणतो. व्याख्या काळाबरोबर घासूनपुसून घेतल्या जातात, हे मुलांना कळायला हे छान उदाहरण आहे.

चाळणीच का म्हणायचं?

चाळणी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पिठाची चाळणी येते. तिच्यात हवं ते पीठ खाली पडतं आणि नको तो कोंडा वर राहतो. इथे उलट आहे. म्हणून मी धान्याच्या चाळणीचं उदाहरण देते. गहू चाळताना माती, बारीक खडे, फुटके दाणे खाली पडतात आणि चांगले दाणे वर राहतात. इरॅटोस्थेनिसची चाळणी अशी आहे. ती मूळ संख्या एकेक करून उचलत नाही. ज्या नक्की मूळ नाहीत त्या पाडत जाते. शेवटी जे वर राहतं ते आपलं.

यात एक फार मोठी सोय आहे, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. या रीतीत भागाकार नाही! एखादी संख्या मूळ आहे का हे एरवी तपासायचं तर तिला २ ने भागा, ३ ने भागा, ५ ने भागा असं करत बसावं लागतं. चाळणीत फक्त घरं मोजायची. दर दुसरं घर, दर तिसरं घर, दर पाचवं घर. ज्या मुलाला भागाकार नीट येत नाही, ७ चा पाढा अडखळतो, तेसुद्धा 'एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, फुली' असं म्हणत बरोबर उत्तरापर्यंत पोहोचतं. वर्गात मागे पडलेल्या मुलाला पुढच्या मुलाइतकंच पक्कं उत्तर मिळवून देणाऱ्या अशा रीती आपल्या अभ्यासक्रमात फार नाहीत. ही आहे, तर ती घाईत उरकू नये.

मी वर्गात कशी घेते

प्रत्येक मुलाने चौकटीच्या वहीत दहा-दहाच्या ओळी करून १ ते १०० स्वतः लिहायचे. छापील तक्ता देत नाही. लिहिताना दहा घरांची रचना त्यांच्या हाताला कळते.

पहिली गोष्ट १ ची. १ ला विभाजक एकच, तो स्वतः. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, म्हणून १ मूळ नाही आणि संयुक्तही नाही. हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही. मग मी म्हणते, "बरं, १ ला ठेवू. आता १ च्या पटीतल्या सगळ्या संख्या खोडा." दोन-चार फुल्या पडल्या की कोणीतरी ओरडतंच, "बाई, सगळंच जाईल की!" झालं. १ ला चाळणीत का ठेवायचं नाही हे त्या एका वाक्यात कळलं.

आता मुख्य प्रश्न. मी फळ्यावर एवढंच लिहिते: "पहिली मोकळी संख्या कोणती?"

१ नंतर मोकळी संख्या २. तिला गोल करा. आता दर दुसऱ्या घरावर फुली. ४, ६, ८, १०... शेवटपर्यंत.

पुन्हा तोच प्रश्न. पहिली मोकळी संख्या कोणती? ३. गोल करा. दर तिसऱ्या घरावर फुली.

पुन्हा तोच प्रश्न. इथे खरी मजा आहे. ४ वर आधीच फुली आहे. म्हणजे मोकळी संख्या ५. मुलांना ५ मूळ आहे हे आधी माहीत असायची गरजच पडली नाही. तिच्यापेक्षा लहान असलेल्या कोणाच्याही मोजणीत ती सापडली नाही, म्हणून ती उभी राहिली. जी उभी राहिली ती मूळ. चाळणी स्वतःच पुढचा आकडा दाखवते. दोन हजार वर्षांहून जुन्या या रीतीचं सगळं मर्म या एका पायरीत आहे आणि '२, ३, ५, ७ च्या पटी खोडा' असं म्हटलं की नेमकी हीच पायरी गायब होते.

फुल्या मोजायला लावा

प्रत्येक फेरीनंतर मी मुलांना विचारते, "या फेरीत नव्याने किती संख्या पडल्या?" आधीच फुली असलेल्या धरायच्या नाहीत.

२ च्या फेरीत ४९ संख्या पडतात. ३ च्या फेरीत नव्याने १६. ५ च्या फेरीत फक्त ६: २५, ३५, ५५, ६५, ८५ आणि ९५. आणि ७ च्या फेरीत किती? फक्त ३. त्या म्हणजे ४९, ७७ आणि ९१.

बेरीज करा. ४९ + १६ + ६ + ३ = ७४. शंभरातून ७४ गेल्या, १ बाजूला ठेवला, उरल्या २५. 'शंभरपर्यंत २५ मूळ संख्या' हे वाक्य आता पाठांतर राहिलं नाही, तो मुलांनी स्वतः घातलेला हिशोब झाला.

आता ९१ कडे बघा. परीक्षेत सर्वांत जास्त मुलांना फसवणारी संख्या हीच. ती सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १० येते म्हणून ३ नेही जात नाही. दिसायला अगदी मूळ. ज्या मुलाने ७ च्या फेरीत पडलेल्या फक्त तीन संख्या हाताने खोडल्या आहेत, ते ९१ ला सहसा फसत नाही. 'बाई, ती शेवटच्या फेरीत पडलेली' असं त्याला आठवतं. यादी पाठ केलेल्या मुलाला ९१ यादीत नव्हती एवढंच आठवायचं असतं, आणि एखादी गोष्ट 'नव्हती' हे आठवणं फार अवघड असतं.

थांबायचं कुठे?

७ ची फेरी झाल्यावर पहिली मोकळी संख्या ११. मुलं जोमात असतात, ११ च्या फुल्या मारायला घेतात. मारू द्या! २२ आधीच गेलेली. ३३ गेलेली. ४४, ५५, ६६, ७७, ८८, ९९ सगळ्या गेलेल्या. एकही नवीन फुली पडत नाही. मुलं बुचकळ्यात पडतात. काहींना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

इथे घाई करून नियम सांगू नका. त्यांना मागे न्या आणि विचारा, "प्रत्येक फेरीत नव्याने पडलेली सर्वांत पहिली संख्या कोणती होती?" ते वहीत बघून सांगतात. २ च्या फेरीत ४. ३ च्या फेरीत ९. ५ च्या फेरीत २५. ७ च्या फेरीत ४९. फळ्यावर ४, ९, २५, ४९ असं लिहिलं की थोड्या वेळाने कोणाच्या तरी लक्षात येतं, हे तर २ दुणे ४, ३ त्रिक ९, ५ पाचे २५, ७ साते ४९! म्हणजे ११ ची पहिली नवी फुली कुठे पडणार? ११ गुणिले ११, म्हणजे १२१ वर. आणि तक्ता तर १०० लाच संपतो. म्हणून थांबायचं.

असं का होतं तेही पाचवीच्या मुलाला कळू शकतं. ७ च्या पटीत १४ आहे, पण ती २ ने पाडली. २१ ला ३ ने पाडलं. २८ पुन्हा २ ने. ३५ ला ५ ने. ४२ पुन्हा २ ने. ७ ला कोणत्याही लहान संख्येशी गुणा, ती पट आधीच्या फेरीत गेलेली असते. ७ ला स्वतःशी गुणलं तेव्हा कुठे पहिल्यांदा त्याची स्वतःची शिकार मिळते.

पुढे याच समजुतीवर मोठं काम होतं. १२७ मूळ आहे का? २ ने जात नाही. अंकांची बेरीज १०, म्हणून ३ ने नाही. ५ ने नाही. ७ गुणिले १८ म्हणजे १२६, एक उरला, म्हणून ७ ने नाही. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, सहा उरले, म्हणून ११ ने नाही. पुढचा १३, पण १३ तेरे १६९, तो १२७ च्या पुढे गेला. थांबा. १२७ मूळ आहे. पाच कसोट्यांत निकाल लागला. उलट ११९ घ्या. ती ७ गुणिले १७ निघते. १४३ ही ११ गुणिले १३. ज्याच्याकडे फक्त शंभरपर्यंतची यादी आहे, त्याला ११९ आणि १२७ सारख्याच परक्या. ज्याला चाळणी कळली आहे, त्याला शंभरची भिंतच नाही.

आणि मूळ संख्या काही ९७ ला संपत नाहीत. त्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिडने इरॅटोस्थेनिसच्याही आधी सिद्ध करून ठेवलं आहे. १००० पर्यंत त्या १६८ आहेत, १०,००० पर्यंत १,२२९. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. आपण पाठ करून करून किती करणार?

४४, २२, ३२२, ३२१ चं काय करायचं?

शिष्यवृत्ती किंवा नवोदयची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती माहीत असते. १ ते १० मध्ये ४ मूळ संख्या, ११ ते २० मध्ये ४, पुढे २, २, मग ३, २, २, मग ३, २, १. ४४२२३२२३२१. फोन नंबरसारखा पाठ करायचा आणि दशकाप्रमाणे किती मूळ संख्या ते सांगायचं.

मी या युक्तीच्या विरोधात नाही. परीक्षेत वेळ कमी असतो आणि तिथे यादी डोक्यात तयार असणं उपयोगाचं आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी युक्ती आणि मग वेळ उरला तर चाळणी, असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. तो उलटा करायला हवा. चाळणी झाल्यावर मुलांना स्वतःच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत किती गोल आहेत ते मोजायला सांगा. ४, ४, २, २, ३, २, २, ३, २, १ हे त्यांचंच उत्तर येईल. मग ते पाठ करणं म्हणजे आपल्या घरातली माणसं लक्षात ठेवण्यासारखं सोपं होतं. आणि विसरलं तरी बिघडत नाही, पुन्हा चाळता येतं.

"पण एवढा वेळ कुठून आणायचा?"

हा प्रश्न योग्य आहे. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला तर तो जास्तच टोचतो. माझ्या हिशोबाने चाळणी नीट घ्यायला दोन तासिका लागतात. चार आकडे सांगून घेतली तर अर्ध्या तासिकेत उरकते. म्हणजे दीड तासिका जास्त जाते. पण पुढे विभाज्यतेच्या कसोट्या, मूळ अवयव पाडणं, मसावि, लसावि, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं या सगळ्यात ती परत मिळते. सहावी-सातवीत '५१ मूळ आहे ना?' असं विचारणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ५१ म्हणजे ३ गुणिले १७, ५७ म्हणजे ३ गुणिले १९, ८७ म्हणजे ३ गुणिले २९. हे तिथे पुन्हा समजावण्यात जाणारा वेळ कोणी धरत नाही.

दुसरी अडचण म्हणजे मुलं मोजताना चुकतात. चुकतातच. पण तक्ता स्वतः चूक दाखवतो. दहा घरांच्या ओळीत २ च्या फुल्या सरळ उभ्या रांगांत येतात, ३ च्या फुल्या तिरप्या रेषेत उतरतात. ३, १२, २१ असं बघा, एकेक घर डावीकडे. एखादी फुली रांग सोडून पडली की शेजारच्या मुलालाही दिसते. शिक्षकाने पन्नास वह्या तपासायची गरज नाही.

वेगाने पुढे जाणाऱ्या मुलांना हाच तक्ता सहा-सहा घरांच्या ओळींत करायला द्या. २ आणि ३ च्या फेऱ्या झाल्यावर दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी रांग जवळजवळ पूर्ण रिकामी होते. ३ च्या पुढच्या सगळ्या मूळ संख्या पहिल्या आणि पाचव्या रांगेतच राहतात. त्या दोन रांगांत नंतर फक्त नऊ संख्या पडतात. कोणत्या? ५ च्या फेरीतल्या सहा आणि ७ च्या फेरीतल्या तीन. मुलं हे स्वतः शोधतात तेव्हा त्यांचा आनंद बघण्यासारखा असतो.

पालकांसाठी थोडंसं

घरी मुलाने सांगितलं की मूळ संख्या शिकवल्या, तर 'यादी पाठ झाली का?' हा पहिला प्रश्न नको. एका मोठ्या कागदावर १ ते १०० लिहा आणि चिंचोके घेऊन बसा. फुलीऐवजी घरावर चिंचोका ठेवायचा. आधीच चिंचोका असेल तर दुसरा ठेवायचा नाही. प्रत्येक फेरीला किती चिंचोके लागले ते मुलाने मोजायचं. ४९, १६, ६, ३. तुम्हाला स्वतःला गणित येत नाही असं वाटत असलं तरी काळजी नको, इथे मोजता आलं की पुरतं. आजी-आजोबाही खेळू शकतात.

मूल '११ ने काहीच पडेना' म्हणून थांबलं तर लगेच उत्तर सांगू नका. त्या क्षणी ते जो विचार करतं, तेवढाच खरा अभ्यास आहे. त्याला थोडं गोंधळू द्या.

आणि एक लक्षात ठेवा. मोबाईलवर याचे सुंदर व्हिडिओ आहेत, त्यात रंगीत चौकोन आपोआप पडत जातात. बघायला छान वाटतं. पण तिथे चाळणी व्हिडिओ चालवतो, मूल फक्त बघतं. आधी हाताने, मग हवं तर व्हिडिओ.

शेवटी

गणितात मुलाला 'हे मला कोणी सांगितलं नाही, मीच शोधलं' असं म्हणता येईल अशा जागा मोजक्याच असतात. एरवी व्याख्या पुस्तकातली, सूत्र फळ्यावरचं, उदाहरण गाईडमधलं. इरॅटोस्थेनिसच्या चाळणीत मात्र पाचवीतलं मूल, भागाकार कच्चा असला तरी, पहिल्या मूळ संख्येपासून शेवटच्यापर्यंत स्वतः चालत जाऊ शकतं आणि कुठे थांबायचं हेही स्वतः ठरवू शकतं. ही संधी त्याच्याकडून हिरावून घ्यायला आपले चार आकडे पुरेसे आहेत.

म्हणून पुढच्या वेळी हा घटक घ्याल तेव्हा फळ्यावर २, ३, ५, ७ लिहू नका. एकच प्रश्न लिहा, 'पहिली मोकळी संख्या कोणती?', आणि खडू खाली ठेवा.